संगणकाचे बिऱ्हाड

बिऱ्हाड हलवण्याचा अनुभव आपल्यापैकी बहुतेकांना असेल. भांडीकुंडी, अंथरुणे, देव, धान्याचे डबे सारे टेंपोत भरून नव्या घरी नेले, तरी घर हलले असे होत नाही. टपाल जुन्याच पत्त्यावर येत राहते, रेशनकार्डावर जुनेच ठिकाण असते, आणि तलाठ्याच्या दप्तरातली नोंद तर कोणी जाऊन बदलल्याशिवाय बदलतच नाही. सामान एका दिवसात हलते. नोंदी हलायला वेळ लागतो.

संगणकाचेही असेच आहे. शाळेतला किंवा ग्रामपंचायतीतला जुना संगणक मंद झाला म्हणजे हल्ली त्याची फिरती हार्ड डिस्क काढून तेथे ‘एसएसडी’ बसवतात आणि संगणकाचा सारा कारभार पाहणारी कार्यप्रणाली जुन्या जागेवरून नव्या जागेवर नेतात. वरवर पाहता हे साधे नकलेचे काम वाटते. ते तसे का नाही, हे समजायला थोडे मागे जावे लागेल.

आपल्या मुंबईत, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० साली पूर्णपणे कामाला लागला. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे नामकरण केले. त्या यंत्रात आजच्या अर्थाची कार्यप्रणाली नव्हती. जे काम करायचे त्याच्या सूचना भोके पाडलेल्या कागदी पट्टीवरून यंत्राला द्यायच्या आणि उत्तर घ्यायचे. यंत्राचे स्वतःचे असे बिऱ्हाडच नव्हते म्हणा ना. मग ते हलवण्याचा प्रश्न कुठला?

बिऱ्हाडाला जागा मिळाली ती तबकडीमुळे. १९५६ साली अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे, आयबीएम कंपनीच्या रेनॉल्ड जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘रॅमॅक’ या संगणकासाठी पहिली हार्ड डिस्क तयार केली. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एकाच दांड्यावर फिरत. कपाटाएवढ्या त्या धुडात मावत होती फक्त ५० लाख अक्षरे. आज तळहातावर मावणाऱ्या २५० जीबीच्या एसएसडीत याच्या सुमारे ५० हजार पट मजकूर बसतो. पण महत्त्वाची गोष्ट आकाराची नव्हे. पट्टीवरचा मजकूर गुंडाळी उलगडत क्रमाने वाचावा लागे. तबकडीवर हवे तेथे थेट जाता येऊ लागले. पोथी आणि अनुक्रमणिका असलेले पुस्तक यांत जो फरक, तोच हा. पुढे १९६० नंतरच्या दशकात कार्यप्रणाली तबकडीवर कायमची राहायला आली, आणि तिच्या नावातच तबकडी शिरली: ‘डिस्क ऑपरेटिंग सिस्टिम’, म्हणजे डॉस.

येथे एक गमतीचा पेच उभा राहिला. तबकडी वाचायची कशी, हे कार्यप्रणालीला ठाऊक. आणि कार्यप्रणाली स्वतःच तबकडीवर! पेटीची किल्ली पेटीत ठेवून कुलूप लावावे तसे झाले. यावर तोड अशी काढली की एक अगदी छोटा कार्यक्रम यंत्राच्या आत चिपमध्येच कायमचा कोरून ठेवायचा. त्याला एवढेच ठाऊक, की तबकडीच्या अगदी पहिल्या कप्प्यात जायचे आणि तेथे जे लिहिले असेल ते करायचे. त्या कप्प्यात पुढच्या जागेचा पत्ता, तेथे त्यापुढच्या जागेचा, असे करीत करीत सारी प्रणाली जागी होते. यालाच ‘बूट होणे’ म्हणतात.

१९८१ साली आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर आला आणि १९८३ साली त्याच्या ‘एक्सटी’ या नमुन्यात १० एमबीची हार्ड डिस्क आली. त्या डिस्कचा पहिला कप्पा होता ५१२ बाइटचा, म्हणजे इंग्रजीत पाचशे बारा अक्षरे मावतील एवढा. एका पोस्टकार्डाचा मजकूर! डिस्कची वाटणी कशी केली आहे आणि सुरुवात कोठून करायची, याची नोंद त्यातच. आपल्या भाषेत हा डिस्कचा सातबारा. तो हरवला तर आतले सारे शेत जागच्या जागी असूनही कोणाचे काय ते कळत नाही.

त्या काळी ज्यांनी डॉस वापरले त्यांना एक गोष्ट आठवत असेल. एका डिस्कवरच्या फायली ‘कॉपी’ या आज्ञेने दुसऱ्या डिस्कवर नेल्या तरी ती दुसरी डिस्क संगणक सुरू करीत नसे. कारण प्रणालीच्या मुख्य दोन फायली लपवलेल्या असत. ‘कॉपी’ला त्या दिसतच नसत. शिवाय त्या यादीत पहिल्या दोन क्रमांकांवरच असाव्या लागत, आणि पहिल्या कप्प्यातला मजकूर तर फाइलच नव्हे. म्हणून या कामासाठी ‘सिस’ नावाची निराळी आज्ञा दिलेली होती. म्हणजे सामान उचलणे वेगळे आणि नोंद फिरवणे वेगळे, हा भेद अगदी सुरुवातीपासूनचा आहे.

पुढे प्रणाल्या मोठ्या झाल्या, हजारो फायलींच्या झाल्या, आणि एकेक वस्तू उचलण्यापेक्षा घरच उंबऱ्यासकट उचलावे ही कल्पना पुढे आली. न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे मरे हॅझर्ड यांनी ‘घोस्ट’ नावाचा कार्यक्रम तयार केला. घोस्ट म्हणजे भूत. एका देहातून निघून दुसऱ्यात शिरणारे! एक संगणक नीट तयार करायचा आणि त्याची जशीच्या तशी प्रतिकृती प्रयोगशाळेतल्या बाकीच्या यंत्रांत उतरवायची, हे त्यामुळे सोपे झाले. अशा प्रतिकृतीला आज ‘क्लोन’ म्हणतात. तैवानमधील राष्ट्रीय महासंगणन केंद्रात तयार झालेला ‘क्लोनझिला’ हा कार्यक्रम तर हेच काम फुकट करून देतो.

आता नव्या घराकडे वळू. फिरती हार्ड डिस्क मिनिटाला साधारण ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. हवा तो मजकूर वाचणाऱ्या सुईखाली यायला सरासरी अर्धा फेरा, आणि सुईचा हात तेथवर सरकायचा वेळ निराळा. त्यामुळे सेकंदात शंभरएक ठिकाणी जाऊन यावे एवढीच तिची धाव. संगणक सुरू होताना मात्र हजारो बारीक फायली विखुरलेल्या जागांवरून आणाव्या लागतात. म्हणून तो पाच पाच मिनिटे घरघरत बसतो.

एसएसडी म्हणजे ‘सॉलिड स्टेट ड्राइव्ह’. हे शब्द रेडिओच्या जुन्या श्रोत्यांना परके नाहीत. व्हॉल्व्हचे रेडिओ तापल्याशिवाय बोलत नसत. ट्रान्झिस्टर आले ते बटण दाबताच बोलू लागले, आणि त्यांवर ‘सॉलिड स्टेट’ असे मोठ्या दिमाखाने छापलेले असे. तेच तत्त्व येथे आहे. फिरणारे, सरकणारे काही नाही. १९६७ साली बेल प्रयोगशाळेत दावोन कांग आणि सायमन झी यांनी विद्युतभार अलगद कोंडून ठेवणारा ट्रान्झिस्टर मांडला. जपानमध्ये तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी त्यापुढे जाऊन १९८४ साली फ्लॅश स्मृती जगापुढे ठेवली, आणि १९८७ साली तिचा नँड हा प्रकार. आजच्या एसएसडी त्याच्याच आहेत. मोठा भाग एका झटक्यात पुसला जातो म्हणून कॅमेऱ्याच्या फ्लॅशवरून सहकाऱ्याने हे नाव सुचवले. १९९१ साली सनडिस्क (त्या वेळची सनडिस्क म्हणजे सूर्याची ‘सन’) कंपनीने २० एमबीची अशी ड्राइव्ह दिली तेव्हा तिची किंमत सुमारे हजार डॉलर होती. घरगुती संगणकापर्यंत ती पोहोचायला आणखी दोन दशके लागली.

इतिहास सांगता सांगता माझी फजितीही सांगतो. २०१८ सालच्या उन्हाळ्यात आमच्या इतिहास विभागाचा संगणक मी असाच नव्या ड्राइव्हवर न्यायला घेतला. त्यात तालुक्यातल्या म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती होत्या. १९७२ सालच्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या, सुकडीवर मुले जगवणाऱ्या बायाबापड्यांचे बोल. त्यांतली कितीतरी माणसे तोवर गेली होती. मी हौसेने सगळ्या फायली निवडल्या, नव्या ड्राइव्हवर टाकल्या आणि ती जोडली. पडदा काळा, सुरू करण्याजोगी डिस्क सापडत नाही, एवढी एक ओळ. नोंदच हलली नव्हती, यंत्र तरी काय करील? मी म्हटले, हरकत नाही, प्रणाली नव्याने टाकू, फायली तर आल्याच आहेत. जुनी डिस्क पुसून दुसऱ्या यंत्राला लावू. आमचे प्रयोगशाळेतले मामा शेजारी उभे होते. ते म्हणाले, “सर, नवी चूल पेटल्याबिगर जुनी इझवू नये.”

त्यांच्या शब्दाला मान म्हणून मी थांबलो. संध्याकाळी ताडून पाहिले तर दोन फोल्डर प्रतीत आलेच नव्हते. परवानगी नाही म्हणून यंत्राने ते वगळले होते, आणि तो संदेश मी न वाचताच बंद केला होता. मुलाखती त्याच दोन फोल्डरांत होत्या.

तेव्हापासून मी हे काम मामांच्या वाक्याप्रमाणे करतो, आणि शिक्षक बंधुभगिनींनो, आपणही तसेच करावे. आधी मोलाच्या फायलींची तिसऱ्याच ठिकाणी वेगळी प्रत काढा आणि ती उघडून पाहा. मग नुसती नक्कल न करता क्लोन करणारा कार्यक्रम वापरा. त्यात जुनी डिस्क कोणती आणि नवी कोणती हे दोनदा वाचा. दिशा उलटली तर रिकामी पाटी भरल्या पाटीवर उमटते. डिस्क कुलूपबंद, म्हणजे बिटलॉकर लावलेली असेल तर तिची किल्ली आधी कागदावर लिहून घ्या. प्रतिकृती पुरी झाली की संगणक बंद करून जुनी डिस्क सोडवा आणि एकट्या नव्या ड्राइव्हवर तो सुरू करा. दोघी सारख्याच ओळखीच्या असल्याने एकत्र राहिल्या तर घोटाळा होतो. नव्या यंत्रांत कोणत्या डिस्कवरून सुरुवात करायची ही नोंद यंत्राच्या चिपमध्येही असते. तेव्हा यंत्र अडलेच तर घाबरू नका. ती नोंद पाहा.

आणि जुनी डिस्क? तिला महिनाभर तरी हात लावू नका. नव्या घराला गळती आहे का, हे पहिल्या पावसातच कळते. एसएसडी विजेवाचून वर्षानुवर्षे कपाटात पडली तर तिच्यात कोंडलेला भारही हळूहळू निसटू शकतो. म्हणून एकमेव प्रत तिच्यावर ठेवून निश्चिंत राहणेही बरे नव्हे.

पट्टीवरून तबकडीवर, तबकडीवरून चिपमध्ये, अशी ही यंत्रे आपले बिऱ्हाड हलवीत आली आणि पुढेही हलवतील. प्रत्येक वेळी वेग वाढतो, जागा वाढते. पण वाटेत काही सांडले का, हे यंत्र आपण होऊन सांगत नाही. सांगितले तरी आपण वाचावे लागते. आमच्या विभागात त्या मुलाखती आज तीन ठिकाणी आहेत. मुले त्या ऐकतात तेव्हा खडीच्या ढिगाऱ्यावर बसून कुणी आजी बोलत असावी असे वाटते. संगणक आता अर्ध्या मिनिटात सुरू होतो, याचा आनंद आहेच. पण त्या आजीचा आवाज नव्या घरी सुखरूप पोहोचला, याचे समाधान त्याहून मोठे आहे.