कासवांच्या प्रवासाची नोंदवही

प्राण्याच्या अंगावर खूण करून त्याच्या प्रवासाचा माग काढण्याची पद्धत भारतात आधी पक्ष्यांवर रुजली. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९२७ मध्ये धार संस्थानात स्थलांतरित बदकांच्या पायांत कडी घालायला सुरुवात केली. कड्यावर एक क्रमांक आणि सोसायटीला कळवण्याची विनंती कोरलेली असे. पक्षी दूरदेशी सापडला आणि सापडवणाऱ्याने पत्र टाकले, तरच नोंद पुरी व्हायची. माहितीची देवाणघेवाण या कामाला मागाहून जोडली गेली असे म्हणता येत नाही. तिच्यावाचून कड्याला अर्थच नव्हता.

समुद्रातल्या कासवांच्या बाबतीत हे काम जास्त अवघड. मादी अंडी घालण्यापुरती वाळूवर येते, नर तर जन्मानंतर सहसा किनाऱ्यावर फिरकतही नाही. ओडिशात गहिरमाथा आणि ऋषिकुल्या इथे ऑलिव्ह रिडले कासवे हजारोंनी येतात. तिथे माद्यांच्या परांना क्रमांकाचे धातूचे बिल्ले लावणे अनेक दशके चालू आहे. पंचवटीतून वाहत गेलेली गोदावरी जिथे बंगालच्या उपसागराला मिळते, तिथल्या होप बेटाच्या वाळूतही हीच कासवे घरटी करतात. कोकणात मात्र त्यांची वीण तुरळक आणि विखुरलेली. चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने २००२ पासून वेळासला घरट्यांचे संरक्षण हाती घेतले, तोवर या किनाऱ्याकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष नव्हते. पुढे वन विभाग आणि गावोगावचे कासवमित्र यांच्यामुळे घरटी, अंडी आणि सोडलेली पिल्ले यांची हंगामवार नोंद होऊ लागली. अंडी घालून समुद्रात परतलेली मादी जाते कुठे, हे त्या नोंदीत नसे.

त्यासाठी जानेवारी २०२२ मध्ये कांदळवन प्रतिष्ठान आणि डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था यांनी उपग्रह टॅगिंग सुरू केले. वेळासच्या मादीला ‘प्रथमा’ आणि आंजर्ल्याच्या मादीला ‘सावनी’ हे नाव मिळाले. पाठोपाठ गुहागरला वनश्री, रेवा आणि लक्ष्मी यांना टॅग लागले. हे यंत्र कवचावर चिकटवतात. खाऱ्या पाण्याखालून रेडिओ संदेश जात नाही, म्हणून कासव श्वासासाठी वर आले की तेवढ्या क्षणात तो सुटतो. १९७८ पासून चालत आलेली आर्गोस ही फ्रेंच-अमेरिकी यंत्रणा उपग्रहाने टिपलेल्या लहरींच्या वारंवारितेतील फरकावरून कासवाची जागा काढते. लक्ष्मीचा संदेश लवकर थांबला, बाकीच्यांचेही काही महिन्यांत. २०२३ मध्ये गुहागरला टॅग केलेल्या दोघींपैकी गुहा लक्षद्वीपच्या बाजूला गेली, तर बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली.

सहा-सात कासवांवरून सबंध समुद्राचे चित्र उभे राहत नाही, हे उघड आहे. म्हणूनच जगभरचे मार्ग एकत्र ठेवणारी भांडारे महत्त्वाची. जर्मनीतील माक्स प्लांक संस्थेशी जोडलेली मूव्हबँक हालचालींच्या नोंदी सांभाळते. युनेस्कोच्या आंतरशासकीय सागरविज्ञान आयोगाची ओबिस ही यंत्रणा सागरी जीव कुठे आणि केव्हा दिसले, ते एका साच्यात आणते. साचा एक असला की कासवांचे मार्ग ट्रॉलरच्या फेऱ्यांशी ताडून पाहता येतात. मात्र सारे उघडे ठेवणे शहाणपणाचे नाही. घरट्याची नेमकी जागा आजच जाहीर झाली तर अंडी चोरणाऱ्याचीच सोय होते, त्यामुळे काही नोंदी उशिरा किंवा ढोबळ करून देतात.

कोकणातील सर्वांत बोलकी नोंद मात्र साध्या बिल्ल्याने दिली. जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या परावर ०३२३३ हा क्रमांक दिसला. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेकडे चौकशी केल्यावर कळले, की मार्च २०२१ मध्ये ओडिशात सामूहिक विणीच्या वेळी तो लावलेला होता. अंतर साडेतीन हजार किलोमीटरांच्या घरात. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरची कासवे वेगवेगळ्या समूहांतली, अशी समजूत होती. तिला या क्रमांकाने पहिला मोठा तडा दिला. त्या मादीच्या अंड्यांतून निघालेली पिल्ले गुहागरच्याच समुद्रात सोडण्यात आली. एकच मादी दोन्ही किनाऱ्यांवर वीण करते की तिने किनारा कायमचा बदलला, हे ठरायला असे आणखी बिल्ले दोन्हीकडे वाचले जायला हवेत.