काळ्या रिबनीची कुळकथा

मंडळी, बँकेत पासबुक भरून घ्यायला गेलात की खिडकीच्या पलीकडून कर्रर कर्रर असा आवाज येतो. तो बहुधा डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचा असतो. याच्या डोक्यात तारेसारख्या बारीक सुया बसवलेल्या असतात. सुई पुढे येते, मधल्या शाईच्या रिबनीवर टोला बसतो, आणि कागदावर ठिपका उमटतो. ठिपक्यांच्या रांगोळीसारखीच ही अक्षरे. टोला खराखुरा, म्हणून खाली कार्बन घातला की एका दमात दोन-तीन प्रती निघतात. लेसरच्या प्रिंटरला हे साधत नाही.

यंत्राची गोष्ट सगळे सांगतात, रिबनीची कोणी सांगत नाही. पण यंत्राचं आयुष्य तिच्याच हातात. यंत्र तीस-चाळीस वर्षे टिकते. रिबन वापराप्रमाणे काही महिन्यांत फिकी पडते. नवी मिळाली नाही की धडधाकट यंत्र माळ्यावर जाते.

रिबनीचं माहेर टंकयंत्रात आहे. १८७४ साली अमेरिकेत रेमिंग्टनच्या कारखान्यातून शोल्स आणि ग्लिडन यांचे टंकयंत्र बाजारात आले, त्यातही शाई भरलेली कापडी फीतच होती. आपल्याकडे मुंबईच्या गोदरेजने १९५५ साली टंकयंत्र काढले आणि २००९ साली ते बनवणे थांबवले. यंत्र बंद झाले, पण त्याची रिबन आजही मिळते. कारण सोपं आहे: अर्धा इंच रुंदीची फीत आणि दोन रिळे, हा घाट बऱ्याच कंपन्यांच्या यंत्रांना चालत असे. जपानच्या ओकी कंपनीच्या मायक्रोलाइन ८२ या प्रिंटरला अशीच उघड्या रिळांवरची रिबन लागे. ज्याच्याकडे तो प्रिंटर आहे, त्याला आजही फारशी चिंता नाही.

पुढे रिबन डबीत गेली, आणि तिथून खरी अडचण सुरू झाली. जो तो कारखाना आपापली डबी काढू लागला.

जपानातल्या नागानो प्रांतात घड्याळवाल्या सेइको मंडळींच्या एका कारखान्याने १९६८ साली ईपी-१०१ नावाचा चिमुकला छापयंत्राचा नमुना काढला. त्याचीच पुढची लेकरे म्हणून १९७५ साली नाव ठेवले एप्सन, म्हणजे ‘ईपीचा लेक’! या एप्सनने १९८० साली एमएक्स-८० काढला. नऊ सुया, सेकंदाला ऐंशी अक्षरे. तो इतका चालला की आयबीएमने १९८१ साली आपल्या छोट्या संगणकासोबत तोच स्वतःच्या नावाने विकला. एप्सनने शहाणपणा असा केला, की त्याची डबी पुढे आरएक्स-८०, एफएक्स-८०, एलएक्स-८०० आणि नव्वदीतल्या एलएक्स-३०० लाही तीच ठेवली. एलएक्स-३०० गोदामांत, दुकानांत, पतपेढ्यांत जाऊन बसला. त्यांना पावत्यांच्या प्रती हव्या, म्हणून रिबनीला गिऱ्हाईक राहिले. गिऱ्हाईक राहिले म्हणून कारखाने चालू राहिले. आज परदेशात जुने संगणक हौसेने जपणारा गृहस्थ आपल्या १९८० च्या प्रिंटरला कोरी करकरीत रिबन घालतो, ती या पावत्या फाडणाऱ्यांच्या पुण्याईने! त्याच एप्सनचा एलएक्स-८० मात्र वेगळी डबी मागतो. नाव जवळचे, पण डबी बसत नाही. तेव्हा रिबन मागताना नुसत्या नावावर जाऊ नये. ॲपल कंपनीच्या इमेजरायटरची रिबन हवी असेल तर सी. इतोहच्या ८५१० ची चालते, कारण ते यंत्र सी. इतोहच्या त्याच प्रिंटरवर बेतलेले होते.

शिक्षक बंधुभगिनींसाठी एक गंमत. काही डब्यांतली रिबन अर्धा पीळ देऊन टोकाला टोक जोडलेली असते. कागदाची पट्टी तशी जोडून वर्गात दाखवा. मधोमध पेन्सिल फिरवत जा, रेघ दोन्ही बाजूंनी फिरून मूळ जागी येते. १८५८ साली जर्मन गणिती मोबियसने अभ्यासलेली ही पट्टी. प्रिंटरला तिचा उपयोग असा, की फितीचे दोन्ही काठ पाळीपाळीने झिजतात आणि शाई जास्त दिवस पुरते.

जुन्या दुकानात वीस-तीस वर्षांपूर्वीची, न उघडलेली डबी सापडली की माणूस हरखतो. हरखू नये. शाईतले तेल उडून गेलेले असते, फीत कोरडी पडते. आणि या तेलाचे काम नुसते छापायचे नाही; ते सुयांना वंगणही देते. माझ्या ओळखीच्या एका संस्थेत काटकसर म्हणून फितीवर शिक्क्याची पाण्यातली शाई ओतली. आठवडाभर अक्षरे छान आली. मग सुया चिकटल्या, आणि नवी रिबन स्वस्त पडली असती असा हिशेब झाला.

नवी फीत करायची रीत अशी: नायलॉनचे दाट विणलेले कापड तापल्या पात्याने कापतात, म्हणजे काठ वितळून बंद होतात आणि धागे सुटत नाहीत. रुळांवरून तेलाची शाई चढवतात. टोके तिरपी धरून ध्वनिलहरींच्या कंपाने सांधतात, कारण शिवणीची गाठ सुयांना अडते. आपल्याकडे नुसती फीतही मिळते, जुन्या डबीत भरायला. ज्या यंत्रांची डबी आता कोणी बनवत नाही, त्यांना हाच मार्ग उरला आहे: फितीची रुंदी, लांबी आणि पीळ आहे की नाही ते पाहून नवी फीत भरून घ्यायची. म्हणून रिकामी डबी कचऱ्यात टाकू नका, आणि उघडताना फीत कशी ओवली आहे ते आधी कागदावर काढून ठेवा.