समुद्रतळाचे लोह आणि सूर्याभोवतीची पोकळी

सूर्य आज आंतरतारकीय वायूच्या एका विरळ पोकळीतून चालला आहे. सुमारे 1,000 प्रकाशवर्षे रुंदीच्या या पोकळीला ‘स्थानिक बुडबुडा’ म्हणतात. अतिनवताऱ्यांच्या स्फोटांनी वायू बाहेर लोटून ती कोरली. आत सुमारे दहा लाख अंश तापलेला वायू उरला, कडेला थंड व दाट वायूचे कवच साचले.

1968 मध्ये सर्व दिशांनी येणारे मृदू क्ष-किरण आढळले. ही त्या तप्त वायूचीच झळाळी मानली गेली. पण 1996 मध्ये ह्याकुताके या बर्फाळ धूमकेतूतूनही क्ष-किरण निघताना दिसले. सौरवाऱ्यातील विद्युतभारित अणू उदासीन अणूंचे इलेक्ट्रॉन हिरावतात, तेव्हा असे किरण निघतात. मग सारी झळाळी सूर्याच्या अंगणातलीच तर नव्हे? 2012 मध्ये अग्निबाणावरून झालेल्या मोजणीने ही शंका अर्धीच खरी ठरवली. आकाशगंगेच्या प्रतलात सौरवाऱ्याचा वाटा सुमारे 40 टक्के निघाला. उरलेली झळाळी तप्त वायूकडेच राहिली.

स्फोट किती, हा दुसरा वाद. 1993 मध्ये सारे श्रेय जेमिंगा या न्यूट्रॉन ताऱ्याला जन्म देणाऱ्या, सुमारे तीन लाख वर्षांपूर्वीच्या एकाच स्फोटाला देण्यात आले. त्याला उत्तर मिळाले ते प्रशांत महासागराच्या तळाशी. तिथल्या लोह-मँगनीजच्या पापुद्र्यात 1999 मध्ये लोह-60 हे किरणोत्सारी लोह सापडले. त्याचे अर्धायुष्य 26 लाख वर्षे. पृथ्वीच्या जन्मवेळचा साठा केव्हाच संपलेला. म्हणजे हे लोह ताऱ्याच्या स्फोटातून नंतर आलेले. 2016 मध्ये त्याच्या दोन वेळा पुढे आल्या: सुमारे 15 ते 32 लाख आणि 65 ते 87 लाख वर्षांपूर्वी. दोन्ही जेमिंगाच्या कितीतरी आधीच्या.

2022 मधील संशोधनानुसार बुडबुडा सुमारे 1 कोटी 40 लाख वर्षांपूर्वी फुगू लागला. वृश्चिक-नरतुरंग तारकासमुदायातील सुमारे 15 स्फोटांनी तो वाढवला. सूर्य त्यात शिरला तो 50 लाख वर्षांपूर्वी. लोहाचा जुना थर त्याआधीचा असल्याने या हिशेबात सहज बसत नाही. धूलिकण वायूचे कवच भेदून पुढे निसटले असावेत, हा त्याचा एक संभाव्य उलगडा.

कवच अजून सेकंदाला सुमारे 7 किलोमीटर वेगाने पसरत आहे. रेटलेला वायू तिथे दाटतो आणि स्वतःच्या गुरुत्वाने कोसळतो. म्हणूनच वृषभ व भुजंगधारी या दिशांना असलेल्या जवळच्या तारकाजन्मभूमी याच कवचावर वसल्या आहेत.