चार खात्यांचे एक मूल

लासूर हे शिवना नदीकाठचे जुने गाव, दाक्षायणी देवीच्या देवळामुळे पंचक्रोशीत ओळखले जाणारे. लासूर स्टेशन ही मात्र रेल्वेमुळे वाढलेली बाजारपेठ. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर निजामाच्या रेल्वेचा मीटरगेज मार्ग मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणीवरून हैदराबादकडे गेला आणि गंगापूर तालुक्याच्या या भागाला बाहेरचे जग जवळ आले. याच रुळांवर पुढे जालना लागते, आणि निजामाच्या राज्याचे मनोरुग्णालय जालन्याला होते. संस्थान भारतात विलीन झाल्यावर, 1953 मध्ये, ते हैदराबादच्या एर्रागड्डा भागात हलवले गेले. तीन वर्षांनी राज्य पुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला, तो या रुग्णालयाशिवाय. महाराष्ट्राच्या वाट्याला ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालये आली. मराठवाड्यात एकही नव्हते. मराठवाड्याचा अनुशेष म्हटला की सिंचन, रस्ते आणि नोकऱ्या आठवतात. हा अनुशेष क्वचितच कोणाच्या तोंडी येतो.

तरीही माझे म्हणणे गेलेल्या इमारतीबद्दल नाही. ते रुग्णालय जालन्यातच राहिले असते तरी लासूरच्या आठ वर्षांच्या मुलाला त्याचा फारसा उपयोग झाला नसता. जुनी वेड्यांची इस्पितळे उभी राहिली ती समाजाला ज्यांची अडचण झाली त्या मोठ्या माणसांना बंदिस्त ठेवण्यासाठी. घाबरणारे, न बोलणारे, शाळेत न टिकणारे मूल त्यांच्या हिशेबातच नव्हते. मुलांसाठी वेगळा विचार सुरू झाला तो मुंबईत. 1936 मध्ये क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या पुढाकाराने सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय स्थापन झाले आणि पुढच्याच वर्षी तिथे बालमार्गदर्शन केंद्र उघडले. भारतातले ते पहिले मानले जाते. अशा केंद्रांची पद्धतच मुळी जोडकामाची: मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि समाजकार्यकर्ता यांनी एकत्र बसून एका मुलाचा विचार करायचा, आणि त्या विचारात आई-बाप, घर, शाळा सगळे घ्यायचे. म्हणजे मुलाच्या मनाची सेवा ही अनेकांनी मिळून करायची गोष्ट आहे, हे आपल्याकडे 1937 पासून माहीत आहे. ही पद्धत शहराबाहेर पडली नाही. खेड्याकडे आल्या त्या योजना, आणि प्रत्येक योजना आपापल्या खात्याची पाटी घेऊन आली.

या योजना वाईट आहेत असे मी म्हणत नाही. एकेक घेतली तर चांगल्याच आहेत. 1975 मध्ये एकात्मिक बालविकास सेवा योजना आली आणि अंगणवाडी गावात पोहोचली. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम 1982 चा, आणि बळ्ळारीतल्या प्रयोगानंतर त्याचा जिल्हा कार्यक्रम 1996 पासून. 2013 मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा शुभारंभ आपल्याच राज्यात, पालघरला झाला. त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येऊन जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करते. वाढीतला उशीरही त्यात पाहिला जातो. किशोरवयीनांसाठी मैत्री क्लिनिक आले. शेतकरी आत्महत्यांमुळे 2015 मध्ये राज्याने प्रेरणा प्रकल्प सुरू केला, तेव्हा मराठवाड्याचे सगळे जिल्हे त्यात होते आणि आशाताई घरोघरी जाऊन निराशेची लक्षणे विचारू लागल्या.

आता या सगळ्यांतून एक मूल कसे जाते ते पाहू. पथकाला शंका येते, कार्डावर नोंद होते, संदर्भ चिठ्ठी मिळते. ही चिठ्ठी घेऊन बाप छत्रपती संभाजीनगरला जायचा, म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडवायची. तिथे नवा केसपेपर. तिथून घाटी रुग्णालयात पाठवले तर आणखी एक केसपेपर आणि आणखी एक दिवस. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी वेगळी फेरी. शाळेतली मदत समावेशित शिक्षणाखाली येते, त्यासाठी गंगापूरच्या गटसाधन केंद्राकडे पाहायचे, कारण ते शिक्षण खाते. आणि त्याच घरात बाप कर्जाने खचलेला असेल, तर त्याच्याकडे पाहणारी योजना शेतकऱ्याची. मुलाच्या कार्डाशी तिचा संबंध नाही. मूल एक, घर एक, पण कागद चार आणि ते एकमेकांना ओळखत नाहीत. चारही कागद सांभाळण्याचे काम शेवटी आईवर पडते, आणि ती थकली की उपचार थांबतात. मदतीची साखळी तुटते ती बहुधा तज्ज्ञाच्या खोलीत नाही, दोन खिडक्यांच्या मधल्या रस्त्यावर.

हा दोष फक्त आपला नाही. ज्या 1982 मध्ये आपला राष्ट्रीय कार्यक्रम आला, त्याच वर्षी अमेरिकेत जेन नित्झर यांनी दाखवून दिले की मानसिकदृष्ट्या गंभीर अडचणीत असलेल्या सुमारे 30 लाख मुलांपैकी दोन तृतीयांश मुलांना हवी ती सेवा मिळतच नव्हती, आणि त्यांची जबाबदारी कोणतेच खाते घेत नव्हते. त्यातून 1984 मध्ये तिथे राज्याराज्यांतली खाती एकत्र आणण्याचा सरकारी कार्यक्रम सुरू झाला: कुटुंबाला केंद्रस्थानी ठेवायचे आणि मुलामागे एकच आराखडा असावा. पैसा भरपूर असलेल्या देशालाही हे आपोआप जमले नव्हते, ही बाब मला महत्त्वाची वाटते.

यावर पहिला आक्षेप असा येतो की हे काम पूर्वी कुटुंब आणि गाव करतच होते. आजी होती, चुलते होते, देवळाची पायरी होती. त्यात तथ्य आहे. वाळूजच्या कारखान्यांकडे माणसे वळली, घरे लहान झाली, तसा हा आधार पातळ झाला, आणि नवी सेवा त्याची जागा घेऊ शकत नाही. पण त्याच गावाने ‘बाहेरचे झाले’ म्हणून मुलांना मांत्रिकापुढेही बसवले आहे. राज्याला 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, तो उगाच नाही. नात्यांचा आधार हवा, पण दुखण्याचे नाव सांगणारा कोणीतरी हवाच. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा: तज्ज्ञच नाहीत, तर जोडायचे कोणाला? गोव्यात 1996 मध्ये उभ्या राहिलेल्या संगाथ संस्थेच्या कामात याचे उत्तर आहे. बिहारच्या नालंदा जिल्ह्यातल्या सरकारी शाळांत तिने केलेला प्रयोग 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी काम केले तिथे शाळेचे वातावरण सुधारले आणि मुलांची निराशा कमी झाली. तेच काम शिक्षकांच्या अंगावर टाकले तिथे फरक पडला नाही. म्हणजे तज्ज्ञ कमी आहेत म्हणून जोडकाम टाळता येत नाही. ते शिकलेला, त्याच कामासाठी नेमलेला माणूस मात्र लागतो. 2022 पासून चालू असलेली टेलिमानसची 14416 ही फोनवरून समुपदेशनाची सेवा मला मोलाची वाटते. पण फोनवरचा समुपदेशक शाळेत जाऊन मुख्याध्यापकांशी बोलू शकत नाही.

आता जालन्यात 365 खाटांचे प्रादेशिक मनोरुग्णालय उभारायला राज्याने मंजुरी दिली आहे. गेलेली गोष्ट परत येत आहे याचे समाधान आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने अल्पवयीनांना प्रौढांपासून वेगळे ठेवण्याचे आणि सोबत घरच्या माणसाला राहू देण्याचे बंधन घातले आहे, ते तिथे पहिल्या दिवसापासून पाळले जावे. मात्र लासूर स्टेशनच्या बहुतेक मुलांना खाट लागणारच नाही. तोच कायदा मुलांसाठी वेगळ्या मानसिक आरोग्य सेवा पुरवायलाही सांगतो. बाजाराच्या निमित्ताने आसपासच्या गावांतली माणसे लासूर स्टेशनला येतातच. तिथे एक खोली, आठवड्यातला एक ठरलेला दिवस, आणि पथकाचे कार्ड, घाटीचा केसपेपर, दाखला आणि शाळेची नोंद एकाच फाइलमध्ये ठेवणारी एक पगारी व्यक्ती असावी. आशाताईंवर आणखी एक ओझे म्हणून नव्हे. जालन्याच्या रुग्णालयाच्या खर्चात हा खर्च धरावा, अशी मागणी गंगापूर तालुक्याने आताच, इमारत उभी राहण्याआधी, करायला हवी.