डाऊन जॅकेटचं पुणे कनेक्शन

हिमालयातल्या कुठल्याही ट्रेकची सामानाची यादी बघा. थर्मल, फ्लीस, वाऱ्यापावसाचं जॅकेट, लोकरी मोजे, डाऊन जॅकेट. किराणा भरल्यासारखं आपण एकेक टिक करत जातो. पण यातल्या शेवटच्या वस्तूची गोष्ट भन्नाट आहे, आणि ती चक्क पुण्यापर्यंत येते!

साल १९२२. ब्रिटिशांची मोहीम एव्हरेस्टवर निघाली होती. त्या काळचा पोशाख म्हणजे आत रेशीम, सुती आणि लोकरीचे थरावर थर, वरून गॅबर्डिन. या मंडळींत जॉर्ज फिंच नावाचा ऑस्ट्रेलियात जन्मलेला रसायनशास्त्रज्ञ होता. त्याने स्वतःसाठी एक अजब कोट करून घेतला. बाहेरून हवाई बलूनचं कापड आणि आत आयडर बदकाची मऊ पिसं. लॉजिक सोपं होतं. ऊब कापड देत नाही, त्यात अडकलेली हवा देते. आणि पिसांइतकी हवा इतक्या कमी वजनात कोण अडकवणार?

सहकाऱ्यांनी कोटाची यथेच्छ टिंगल केली. फिंचने तो तरी घातलाच. २५,००० फुटांच्या वर तंबूत वादळ काढून, २७ मे १९२२ ला तो आणि जेफ्री ब्रूस सुमारे २७,३०० फुटांवर पोचले. तोवर तितकं उंच कोणीच चढलं नव्हतं. मोठं श्रेय अर्थात ऑक्सिजनचं, आणि त्याचाही खंदा पुरस्कर्ता फिंचच.

१९२४ च्या मोहिमेत मात्र त्याला घेतलं नाही. मोहीम समितीशी त्याचे खटके उडाले होते. त्या वर्षी मॅलरी आणि अर्विन वर गेले ते परतलेच नाहीत. मॅलरीचा देह १९९९ मध्ये सापडला. त्याच्या अंगावर तेच रेशीम, सुती, लोकर, गॅबर्डिन. पुढे तसेच हुबेहूब कपडे शिवून २००६ मध्ये एव्हरेस्टवर घालून पाहिले. गंमत म्हणजे ते हलके आणि चांगल्या हवेत चालायला छान निघाले. पण उघड्यावर रात्र काढायची वेळ आली, तर ते पुरे पडले नसते.

आपल्या भाषेत सांगायचं तर या दोन वेगळ्या रिक्वायरमेंट्स आहेत. चालताना शरीरच हीटर असतं, तेव्हा घाम बाहेर जाऊ देणारे पातळ थर हवेत. थांबलात की हीटर मंदावतो, तेव्हा डाऊन हवं. (आणि ते कोरडं हवं. भिजलेली पिसं चिकटतात, मग हवा कुठली आणि ऊब कुठली!)

आता पुणे. हाच फिंच १९५२ ते १९५७ या काळात आपल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा, म्हणजे पाषाणच्या एनसीएलचा संचालक होता. तिच्यावरून पुढे जाणाऱ्या किती ट्रेकर मंडळींना हे ठाऊक असेल?

असो. सॅक बंद होत नाही म्हणून डाऊन जॅकेट बाहेर काढावंसं वाटलं, तर एवढंच लक्षात ठेवा. ते चालण्यासाठी नाहीच. वाटेत अडकलात, तर त्या एका रात्रीसाठी आहे.