पोफळीचा कोळेरोग : पावसावरचा आळ कसा सुटला?



गेल्या श्रावणात आमच्या परसातल्या पोफळींखाली हिरव्या सुपाऱ्यांचा सडा पडला. शेजारचे काका म्हणाले, "पाऊसच जास्त झाला, दुसरं काय!" मीही तेच धरून बसलो. फवारणीवाला आणला तोवर अर्धे घड रिकामे झाले होते.

ही चूक जुनीच आहे. म्हैसूर संस्थानाच्या मलनाडात बागाईतदार पिढ्यानपिढ्या ही गळ सोसत आले. कानडीत 'कोळे' म्हणजे कुजणं, त्यावरून नाव पडलं कोळेरोग. पावसाचं पाणी घडाला लागू नये म्हणून ते गवताच्या नाहीतर पोफळीच्याच विरीच्या टोप्या बांधायचे. उपाय खोटा नव्हता, पण रोगाचं मूळ कोणाला ठाऊक नव्हतं.

1908 साली लेस्ली कोलमन हे कॅनडाचे बुरशीतज्ज्ञ म्हैसूरच्या नोकरीत आले. त्यांनी गळालेल्या सुपाऱ्या तपासल्या आणि 1910 साली अहवाल छापला. दोषी होती फायटोफ्थोरा बुरशी. 1845 पासून आयर्लंडचा बटाटा ज्या करप्यानं बसवला, त्याच्याच वंशातली. पाऊस तिला फक्त पसरायला मदत करतो.

औषध फ्रान्समध्ये आधीच सापडलेलं होतं. बोर्डो भागात वाटसरूंनी द्राक्षं खाऊ नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद-चुना मारत. त्या वेलींवर केवडा येत नाही, हे मिलार्दे यांनी 1882 साली हेरलं. कोलमननी तेच मिश्रण पोफळीवर आणलं. मलनाडाच्या पावसात ते टिकावं म्हणून त्यात राळ आणि सोड्याचा चिकटा घातला.

आता आपल्या परसाकडे येऊ. आधी गळलेली सुपारी हातात घ्या.

▪️ पावसाळ्यात, टोपीजवळ पाणी मुरल्यासारखे गडद हिरवे डाग आणि पडलेल्या फळावर पुढे पांढरी बुरशी : कोळेरोग.
▪️ उन्हाळ्यात, फुलोऱ्याचे दांडे टोकाकडून पिवळे-तपकिरी होत वाळतात : फुलोऱ्याचा करपा. रोग वेगळा.
▪️ फळ तडकून गळतं : पाण्याची ओढ बसून मग एकदम भरपूर पाणी. इथं बुरशीनाशकाच्या फवारणीनं काही होत नाही.

कोळेरोगाला 1 टक्का बोर्डो : 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 100 लिटर पाणी. भांडं प्लास्टिकचं घ्या, लोखंडाचं नको. मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात हळूहळू ओतत ढवळायचं. त्यात विळ्याचं पातं मिनिटभर बुडवा. तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, आणखी घाला. पहिली फवारणी पावसाआधी, दुसरी 40-45 दिवसांनी उघडीप बघून. गळलेली फळं वेचून जाळायची.

घड गेला तर एक साल जातं. बुरशी शेंड्यात उतरली तर झाडच जातं. आमचं एक पोफळ असंच गेलं, आजोबांनी लावलेलं. यंदा मोरचूद मे महिन्यातच आणून ठेवलाय.