दंडाचें माप

बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचे विख्यात शस्त्रवैद्य विल्यम हॅल्स्टेड यांनीं १९२१ सालीं, मृत्यूच्या अवघें एक वर्ष आधीं, एक निबंध प्रसिद्ध केला. विषय त्यांना सुखावह नसावा. स्तनाच्या कर्करोगावर त्यांनींच रूढ केलेल्या शस्त्रक्रियेनंतर कित्येक स्त्रियांचा त्या बाजूचा हात सुजत असे. कांहींचा तर हत्तीरोग झाल्यासारखा दिसे. निबंधांत त्यांनीं या विकाराला नांवहि तसेंच दिलें: शस्त्रक्रियाजन्य हत्तीरोग.

त्या शस्त्रक्रियेंत स्तन, त्याखालील छातीचे स्नायु आणि काखेंतील ग्रंथि हें सारें एकत्र काढून टाकीत. रोगाचें मूळ राहूं नये, हा हेतु. परंतु रक्तवाहिन्यांप्रमाणेंच शरीरांत लसीकावाहिन्यांचेंहि जाळें असतें. रक्तांतून पाझरलेला द्रव या वाहिन्या गोळा करून परत नेतात, आणि हाताकडून येणाऱ्या बहुतेक वाहिन्यांची वाट काखेंतूनच आहे. तेथील ग्रंथि काढल्या किंवा किरणोपचारानें त्यांना इजा झाली, कीं न्हाणीची मोरी तुंबल्यावर पाणी सांचावें तसा द्रव हातांत सांचूं लागतो. हॅल्स्टेड यांनीं मुख्य दोष जखमेंतील जंतुसंसर्गाला दिला. त्यांत तथ्य होतें. पण तें संपूर्ण सत्य नव्हे.

पुढें जवळजवळ अर्धशतक ती शस्त्रक्रिया चालूच राहिली, आणि सुजलेला हात हें जीव वाचल्याचें मोल समजून स्त्रिया तो मुकाट्यानें वागवीत राहिल्या. १९७१ मध्यें बर्नार्ड फिशर यांनीं अमेरिकेंत तुलनात्मक प्रयोग आरंभिला. एवढ्या मोठ्या शस्त्रक्रियेनें आयुष्य वाढत नाहीं, हें त्याच्या २५ वर्षांच्या निष्कर्षांनीं २००२ मध्यें पुनः स्पष्ट केलें. दरम्यान १९९० नंतर, रोग प्रथम ज्या ग्रंथींत पोहोंचण्याचा संभव, तेवढ्याच काढून तपासण्याची रीति आली. सूज त्यामुळें पुष्कळ कमी झाली. नाहींशी मात्र झाली नाहीं.

आरंभीं सुजेंत बहुतांशीं पाणी असतें व तें ओसरूं शकतें. दिरंगाई झाल्यास तेथें चरबी व तंतुमय भाग वाढतो. मग कितीहि पट्ट्या बांधल्या तरी हात पूर्ववत् होणें कठीण. आणि ही आरंभींची सूजच डोळ्यांना दिसत नाहीं! जुन्या रीतींत दोन्ही हातांस फीत लावून दोन सेंटिमीटरांचें अंतर आढळलें, म्हणजे सूज मानीत. पण उजव्या हातानें काम करणाऱ्या बाईचा उजवा दंड बहुधा मुळांतच थोडा जाड असतो. तिच्या डाव्या हाताला सूज आली, तर आरंभीं दोन्ही दंड सारखेच भरतात आणि फीत गप्प राहते. मूळचें माप कोणीं घेतलेलेंच नसतें.

ही साधी उणीव अमेरिकेंत बेथेस्डा येथील नौदलाच्या रुग्णालयांत भरून काढण्यांत आली. निकोल स्टाउट व त्यांचे सहकारी यांनीं १९६ स्त्रियांच्या हातांचें घनफळ अवरक्त किरणांच्या यंत्रानें शस्त्रक्रियेपूर्वींच मोजलें, आणि नंतर दर तीन महिन्यांनीं मोजलें. ४३ जणींना सूज आढळली, सरासरीनें सातव्या महिन्याच्या सुमारास. वाढ सरासरी ८३ मिलिलिटर, म्हणजे चहाच्या लहानशा पेल्याइतकी. त्यांना महिनाभर घट्ट विणीची बाही घालावयास दिली, तेव्हां सूज सरासरी ४८ मिलिलिटरांनीं उतरली. २००८ मध्यें हें प्रसिद्ध झालें. सूज असूनहि बाही न दिलेल्या स्त्रियांचा गट तुलनेस नव्हता, हें मात्र विसरतां येत नाहीं.

कित्येकदां यंत्राआधींच स्त्रीला कळतें. हात जड वाटतो, बाही दंडांत रुतते. महाराष्ट्रांतील गृहिणीची तर कालपर्यंत सहज निघणारी बांगडी अडते. अशी तक्रार वैद्यानें हंसण्यावारीं नेऊं नये.

हातांतून सौम्य विद्युत्प्रवाह सोडून द्रव ओळखण्याची युक्तिहि आतां आहे. द्रव जितका अधिक, तितका प्रवाहाला अडथळा कमी. शीला रिडनर यांच्या प्रयोगांत फीत व विद्युत्प्रवाह यांची तुलना झाली. दोन्ही गटांत मूळचें माप आधीं घेतलें होतें, आणि वाढ दिसतांच बाही दिली होती. २०२२ मध्यें निष्कर्ष आले: बाही दिलेल्यांपैकीं फितीच्या गटांत शेंकडा सुमारें १९ जणींची सूज पुढें वाढली, विद्युत्प्रवाहाच्या गटांत सुमारें ८ जणींची.